जिवांची मोजदाद

२६ लाख ८० हजार. २०२३ या एका वर्षात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून जिवंत प्राण्यांवर झालेल्या वैज्ञानिक प्रक्रियांची ही बेरीज. दिवसाला सात हजारांहून जास्त, मिनिटाला पाच. यातल्या जवळजवळ निम्म्या विद्यापीठांत झाल्या. एकट्या ऑक्सफर्डचा वार्षिक आकडा २ लाखांच्या आसपास असतो, म्हणजे रविवार-सुट्ट्या धरूनही रोजच्या साडेपाचशे.

असा आकडा वाचला की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा आकडा आपल्याला कळला कसा?

तो कळतो, कारण ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याखाली तीन परवाने लागतात: प्रयोग करणाऱ्या माणसाचा, त्या प्रकल्पाचा आणि त्या जागेचा. वर्षअखेरीस प्रत्येक प्रक्रियेचा हिशोब सरकारला द्यावा लागतो, आणि प्राण्याला किती त्रास झाला तेही नोंदवावे लागते: सौम्य, मध्यम की तीव्र, की भूल दिल्यावर तो पुन्हा शुद्धीवर आणलाच नाही. म्हणून २६ लाख ८० हजारांची फोड करता येते. साधारण पावणेपंधरा लाख प्रक्रिया प्रत्यक्ष प्रयोगांच्या होत्या. बाकीच्या जनुकीय बदल केलेल्या प्राण्यांच्या पैदाशीच्या, कारण तिथे असा उंदीर नुसता जन्माला आला तरी एक प्रक्रिया धरली जाते. उंदीर, मासे आणि पक्षी मिळून शंभरातले ९५ हून जास्त. कुत्री, मांजरे आणि माकडे मिळून हजारात दोनच्या आसपास. प्रयोगांपैकी तीव्र त्रासाचे शंभरात तीन-चार. टक्केवारीत हे थोडे वाटते, पण संख्येत ते सुमारे ५० हजार होतात. ५० हजार वेळा एखाद्या जिवाने तीव्र वेदना किंवा यातना सोसल्या, हे ती नोंद मान खाली न घालता सांगते.

आता अमेरिकेकडे पाहू. तिथे १९६६ पासून प्राणी कल्याण कायदा आहे. त्याखाली शेती खात्याकडे दरवर्षी नोंदले जाणारे प्रयोगप्राणी ८ लाखांच्या आसपास. ब्रिटनच्या पाचपट लोकसंख्या आणि जगातले सर्वांत मोठे जैववैद्यकीय संशोधन असलेल्या देशात इतके कमी? उत्तर कायद्यातच आहे. प्रयोगासाठी वाढवलेले माइस आणि रॅट हे उंदरांचे दोन्ही प्रकार, तसेच पक्षी २००२ साली कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांत या उंदरांवरही समितीची देखरेख असते. देशभराची वार्षिक मोजणी मात्र होत नाही.

लॅरी कार्बोन या पशुवैद्याने १६ मोठ्या संस्थांकडून आकडे मिळवले आणि त्यांवरून २०२१ मध्ये संपूर्ण देशाचा अंदाज बांधला: वर्षाला ११ कोटी १५ लाख माइस आणि रॅट. तुलनेसाठी, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. काही संशोधकांना कार्बोन यांचा हा अंदाज कितीतरी पट फुगलेला वाटतो. पण कोट्यवधी जिवांच्या बाबतीत जाणकारांमध्ये एवढी तफावत पडू शकते, ही गोष्टच अस्वस्थ करणारी आहे. जगाचा आकडाही अंदाजानेच काढावा लागतो. २०१५ सालासाठी केलेला एक अभ्यास तो १९ कोटी २१ लाखांवर नेतो.

मोजणाऱ्या देशांतही एक रकाना बराच काळ रिकामा राहिला होता. युरोपीय संघात २०१७ साली सुमारे ९४ लाख प्राणी संशोधनात आणि चाचण्यांत वापरले गेले. त्याच वर्षी १ कोटी २६ लाख प्राणी प्रयोगासाठी जन्माला घातले आणि एकाही प्रयोगात न वापरता मारले. यातल्या बऱ्याच मृत्यूंमागे मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचे गणित असते. समजा, दोन वेगवेगळ्या जनुकांच्या दोन्ही प्रती बदललेला उंदीर हवा आहे, आणि आईबापांकडे प्रत्येक बदलाची एकच प्रत आहे. मग सोळा पिलांत सरासरी एकच हवे तसे निघते. त्यातही फक्त मादी हवी असेल, तर बत्तिसात एक. वीस माद्यांसाठी ६४० पिले जन्माला येतात. शोधनिबंधात त्यातल्या विसांचाच उल्लेख असतो.

म्हणून एका प्रयोगात किती प्राणी घ्यायचे हा निर्णय फार गंभीर आहे. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. जगभरच्या समित्या आजही याच तीन कसोट्या लावतात. त्यातल्या दुसऱ्या कसोटीची ताकद संख्याशास्त्रात दिसते. दोन गटांची तुलना करायची आहे आणि औषधाचा परिणाम प्राण्यांमधल्या नैसर्गिक फरकाच्या निम्मा आहे, असे धरू. तो खात्रीने पकडायला नेहमीच्या निकषांनी गटात ६४ उंदीर लागतात. एकसारखे प्राणी, स्थिर तापमान, निष्णात हात आणि अचूक मोजमाप यांनी तो फरक निम्म्यावर आणला, तर १७ पुरतात. प्रत्येक गटात ४७ जीव वाचले, तेही केवळ काम नीट केल्यामुळे.

पण कमी घेणे म्हणजे नेहमीच दया नसते. जिथे १७ हवेत तिथे ५ घेतले, तर खरा परिणाम असूनही दहापैकी सात वेळा तो हाती लागत नाही. मग ते दहाही उंदीर फुकट गेले, आणि कुणीतरी तोच प्रयोग पुन्हा करणार. चुकीची संख्या, मग ती जास्त असो वा कमी, क्रूरच असते.

तिसऱ्या कसोटीला कधीकधी पैसाही लागत नाही. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की शेपटीला धरून उचलल्याने माइस घाबरतात, आणि पोकळ नळीतून किंवा ओंजळीत उचलले की ती भीती बरीच कमी होते. प्रयोगशाळेतला उंदीर आयुष्यात कितीतरी वेळा उचलला जातो. कोट्यवधी उंदरांनी त्याला गुणले, की एवढ्याशा बदलाचे मोल कळते.

प्राण्यांवरचे प्रयोग सरसकट थांबवा, असे मी म्हणणार नाही. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, त्यातून इन्सुलिन मिळाले आणि त्याच्या आधारावर आज घराघरांत माणसे जगत आहेत. हे ऋण मान्य करायचे, तर त्याचा हिशोबही चोख ठेवला पाहिजे.

भारतात त्यासाठी चौकट आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विधेयक आणून ज्याची वाट मोकळी केली, तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. त्यातून प्राणिप्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आली, आणि १९९८ मध्ये नियम झाले. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीत आठ जण असतात. त्यात पशुवैद्य, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक जाणिवेचा नागरिकही असावा लागतो. या समितीच्या मंजुरीशिवाय अ‍ॅनिमल हाउसमधल्या उंदराला हात लावता येत नाही. शिकवण्याच्या बाबतीत तर आपण मोठी मजल मारली. बेडूक कापूनच प्राणिशास्त्र शिकायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून आवरत आणला आणि २०१४ मध्ये बंद केला.

आता पुढचे पाऊल टाकायला हवे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २०१४ मध्ये पारदर्शकतेचा करार केला. तेव्हापासून अनेक विद्यापीठे आपापले आकडे आपणहून संकेतस्थळावर मांडतात. त्याने संशोधन बंद पडले नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाने, वैद्यकीय आणि औषधनिर्माण महाविद्यालयाने दरवर्षी एक पान प्रसिद्ध करावे: कोणते प्राणी, किती, कशासाठी, किती त्रास झाला, न वापरता किती मारले आणि कोणता पर्याय वापरून किती वाचवले. बहुतेक माहिती संस्थांच्या नोंदवह्यांत आधीच असते. नसेल ती नोंदवायला आजपासून सुरुवात करता येईल. ज्या समाजाच्या नावाने आणि ज्याच्या पैशावर हे प्रयोग होतात, त्या समाजाला हा हिशोब मागण्याचा हक्क आहे. आणि पुढच्या वर्षी हाच आकडा कमी करून दाखवण्याची जबाबदारी तो जाहीर करणाऱ्यावर आपोआप येऊन पडते.