खेळाडू बदलायचा कधी?

स्ट्रॅट-ओ-मॅटिक म्हणजे फासे आणि कार्डांवरचा अमेरिकन बेसबॉल, 1961 पासूनचा. आमच्या लीगमध्ये 100 संधींत 27 हिटची अपेक्षा असलेल्या माझ्या बॅटरने 22च दिले. वैतागून सोडला त्याला.

चुकलोच. अशा सहा बॅटरांत एखाद्याच्या वाट्याला एवढा दुष्काळ नुसत्या फाशांमुळेही येतो. शिवाय पहिल्या फाशावर 4, 5 किंवा 6 पडला, की निकाल पिचरच्या कार्डावर. त्यात बिचाऱ्या बॅटरचा काय दोष? कार्ड हंगामभर तेच राहतं, त्याला कसला आलाय फॉर्म!

आता मी आधी कार्डच पुन्हा वाचतो. डावखुऱ्या पिचरसमोरचा भाग कोरडा आणि पुढचे सामने डावखुऱ्यांशी, तर लगेच बदलतो.

तो बॅटर? प्रतिस्पर्ध्याने उचलला. अजून आमच्याविरुद्ध खेळतो.