पेस्ट केल्यानंतरचं काम

छापील अंकातले लेख संकेतस्थळावर चढवायचे म्हणजे कॉपी करायचं आणि पेस्ट मारायचं, असं बाहेरून वाटतं. डेस्कवर बसलेल्याचा अर्धा वेळ मात्र पेस्ट केल्यानंतरच्या निस्तरण्यात जातो.

वर्डमधून उचललेला मजकूर कधी एकटा येत नाही. क्लिपबोर्डवर साध्या मजकुरासोबत त्याचं सजवलेलं एचटीएमएल रूपही असतं आणि ऑनलाइन एडिटर बहुधा तेच उचलतो. मग लेखकाच्या फाइलमधला फॉण्ट, अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर असं सगळं बिऱ्हाड लेखाबरोबर दाखल होतं. एक परिच्छेद मोठ्या अक्षरांत, पुढचा बारीक, तिसऱ्याच्या मागे पांढरी पट्टी. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं तर बहुतेक ब्राउझरमध्ये नुसता मजकूर उतरतो. पण उपशीर्षकांचा ठळकपणा आणि पुस्तकांच्या नावांचा तिरपेपणाही जातो. मूळ फाइल शेजारी उघडून तो हातानं परत द्यावा लागतो. पीडीएफमधून घेतलं, तर छापील ओळ जिथे संपते तिथे वाक्य तुटतं आणि या ओळी एकेक करून जोडत बसावं लागतं.

खरी कसोटी जुन्या फॉण्टची. कृतिदेवसारख्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉण्ट गळाला की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं उरतात. असा लेख आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. तिथे क्रमाचा घोळ असतो. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. साधा कन्व्हर्टर जोडाक्षराशी अडखळतो आणि ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. अशी चूक निदान डोळ्यांना टोचते तरी.

न टोचणाऱ्या चुका जास्त घातक. ‘दऱ्या’मधला ऱ्य अनेकदा न दिसणारं जोडचिन्ह घालून साधलेला असतो. अदृश्य चिन्हं झाडून काढणाऱ्या सफाईत ते चिन्ह गेलं की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं साधनही गप्प बसतं. ‘ॲ’ची गत निराळी. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. जुन्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक लिहून दुसरं सापडेलच असं नाही.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. जुना फॉण्ट असेल तर आधी कन्व्हर्टर, मग नोटपॅड, मग एडिटर. त्यानंतर वेलांट्या, रफार आणि ऱ्य-ऱ्ह यांच्यासाठी वेगळं वाचन आणि शेवटी मोबाइलवर एक नजर.

लेखकांना एकच विनंती: मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये पाठवा. रंग, चौकटी, शोभेचे फॉण्ट घालू नका. उपशीर्षक कुठे आहे एवढं कळलं तरी पुरे, बाकीची सजावट आम्ही करू.