नवी मोटार आणि पश्चात्तापाचा हिशेब

बदलापूर हे रेल्वेच्या वेळापत्रकावर जगणारे शहर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर राहणारा येथील नोकरदार आजही प्रामुख्याने लोकलनेच कामावर जातो. तरीही कुळगावच्या नव्या वसाहतींच्या आवारांत मोटारींची दाटी झाली आहे. त्यांतील पुष्कळशा सोमवार ते शनिवार जागच्या हलत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र मोटार हलली की नाही हे पाहत नाही. मग पेढे वाटून महिना लोटण्याच्या आतच मालकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : हा खर्च उगाच तर केला नाही ना?

या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. घरानंतर मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, त्यापूर्वी ग्राहकाला निवडीला फारसा वाव नव्हता; वर्षानुवर्षे प्रतीक्षा करून जी मिळेल ती गाडी भाग्याची मानावी लागे. आज पर्याय अनेक आहेत आणि जे घेतले नाही त्याची आठवण म्हणूनच अधिक छळते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये या अस्वस्थतेची मीमांसा केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, नवी मोटार घेतलेले लोक आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात. घेतलेला निर्णय बरोबर होता, असे मनाला पुनःपुन्हा पटवून द्यावे लागते, हाच त्याचा अर्थ.

पश्चात्तापाचे ताजे उदाहरण २०२५ चे आहे. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी वस्तू व सेवा करात सुधारणा करण्याची घोषणा केली आणि २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल मोटारींवरील उपकरासह २९ टक्के असलेला कर १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत ५ लाख असलेली मोटार ६ लाख ४५ हजारांवरून ५ लाख ९० हजारांवर उतरली. जुलैमध्ये खरेदी केलेल्याला ५५ हजारांची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिला दोष म्हणता येणार नाही. जे त्या वेळी ठाऊक नव्हते, त्यासाठी स्वतःला अपराधी ठरविणे हा न्याय नव्हे. घोषणेनंतरही घाई करणाऱ्याची गोष्ट वेगळी. निर्णय चुकणे आणि परिणाम प्रतिकूल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

खरा धोका पश्चात्तापात नसून तो शमविण्यासाठी केलेल्या दुसऱ्या चुकीत आहे. ‘एवढे पैसे घातले आहेत, तर वापरली पाहिजे’ म्हणून एखादा गृहस्थ लोकलचा पास सोडून काटई रस्त्याने रोज मोटार हाकू लागतो. गेलेला पैसा वसूल करण्याच्या नादात तो इंधनावर नवा पैसा घालवतो. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. पुढे २०१७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जो खर्च कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढील निर्णयाच्या हिशेबात धरू नये, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे.

याच्या उलट टोकाला तातडीने विकण्याची घाई असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. मोटार विकली म्हणून सरकार तो परत करीत नाही. विम्यासाठी मोटारीचे मूल्य सहा महिन्यांपर्यंत ५, वर्षापर्यंत १५ आणि दोन वर्षांपर्यंत २० टक्के घटलेले धरतात. बाजार याहून कठोर असतो. कोरी मोटार कोणी विकू लागला की ग्राहकाला दोषाची शंका येते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात हेच उलगडून दाखविले होते. म्हणजे सर्वांत मोठी घट आधीच सोसून झालेली असते.

तेव्हा प्रश्न ‘किती दिले?’ हा नसून ‘आज विकल्यास किती येतील?’ हा आहे. त्या रकमेवरील व्याज, वर्षभरात होणारी आणखी घट, विमा आणि देखभाल हा मोटार ठेवण्याचा खरा खर्च होय. वृद्ध आईवडिलांचे दवाखाने, गावाकडच्या खेपा, पावसातील सोय यांचे मोल त्याहून अधिक वाटत असेल तर मोटार निःशंक ठेवावी. पण हप्त्यासाठी मुलांची फी किंवा घराचे कर्ज थकत असेल, तर तोटा सोसूनही ती विकण्यात कमीपणा नाही.

मन बदलले म्हणून कायदा विक्रेत्याला मोटार परत घेण्यास भाग पाडीत नाही. मात्र उत्पादनातच दोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. जुलै २०१९ चा उल्हास नदीचा पूर पाहिलेल्या बदलापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : पाण्यात बुडालेली मोटार सुरू केल्याने इंजिन निकामी झाले, तर साध्या विम्यात त्याची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळे पुरवणी संरक्षण घ्यावे लागते.

गेल्या खर्चाचा शोक करणे मनुष्यस्वभावाला धरून आहे; पण त्या शोकाला उद्याचा खर्च ठरवू देणे परवडणारे नाही. दारातली मोटार काल घेतलेली असली, तरी ती ठेवायची की नाही याचा निर्णय आजच्या गरजेवरच झाला पाहिजे.