प्रभुशब्दाभोवती जमलेली माणसे
प्रौढांचे बायबल अभ्यासवर्ग आणि प्रार्थनागट

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक बोलका प्रसंग आहे. इथिओपियाच्या राणीच्या खजिन्यावरील एक अधिकारी यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत होता. वाचता ते समजते का, असे फिलिपने त्याला विचारले. कोणी वाट दाखविल्याशिवाय कसे समजणार, असे त्या अधिकाऱ्याने प्रांजळपणे सांगितले आणि फिलिपला रथात आपल्याशेजारी बसवून घेतले. पवित्र शास्त्र वाचताना शेजारी कोणीतरी असावे लागते, हे ख्रिस्तसभेला पहिल्या पिढीपासून ठाऊक आहे.

आपल्यापैकी अनेकांचे धर्मशिक्षण दृढीकरण संस्काराबरोबर संपते. कुमारवयात जेवढे बायबल कळले, तेवढ्याच शिदोरीवर पुढे संसार, नोकरी, आजारपण आणि आईवडिलांचा वियोग निभावून न्यावा लागतो. रविवारचे प्रवचन ऐकले जाते, पण तेथे प्रश्न विचारता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी धर्मग्रामात प्रौढांचे बायबल अभ्यासवर्ग व प्रार्थनागट असतात.

परंपरा जुनीच आहे

मराठी ख्रिस्ती समाजाला ही कल्पना परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीतील ही तारणकथा भाविकांनी एकत्र बसून वाचावी व ऐकावी, अशीच तिची घडण आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरील 'देई व्हर्बुम' हा दस्तऐवज घोषित केला. पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांसाठी मोकळे असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शास्त्राविषयी अजाण राहणे म्हणजे ख्रिस्ताविषयीच अजाण राहणे, या संत जेरोम यांच्या विचाराचे परिषदेने स्मरण करून दिले. त्याबरोबरच वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असाही आग्रह धरला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली 'व्हर्बुम दोमिनी' या पत्रातून हाच धागा पुढे नेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार 'प्रभुशब्दाचा रविवार' म्हणून नेमून दिला.

अभ्यास व प्रार्थना यांची ही जोड महत्त्वाची आहे. प्रार्थनेविना अभ्यास केला तर माहिती वाढते, मन मात्र कोरडे राहते. अभ्यासाविना प्रार्थना केली तर भावना उचंबळतात, पण घरी पोहोचेपर्यंत ओसरतात.

सात पायऱ्या

लहान गटांसाठी सर्वात सोपी ठरलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत विकसित झाली. आशियातील लहान ख्रिस्ती समूहांनीही ती आपलीशी केली. तिच्या पायऱ्या अशा :

१. प्रभूला आपल्यामध्ये येण्याचे निमंत्रण देणे.
२. उतारा मोठ्याने वाचणे.
३. मनाला भिडलेला शब्द वा वाक्य प्रार्थनापूर्वक पुन्हा उच्चारणे.
४. काही मिनिटे पूर्ण शांत राहणे.
५. काय भिडले ते एकमेकांना सांगणे. येथे प्रवचन नको व वादही नको.
६. प्रभू आपल्याकडून कोणती कृती मागतो, याचा एकत्र शोध घेणे.
७. उत्स्फूर्त प्रार्थना करून समारोप करणे.

यातील दोन पायऱ्या हमखास गाळल्या जातात, चौथी आणि सहावी. शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि कृती अडचणीची ठरते. गटाचे खरे मोल मात्र याच दोन पायऱ्यांवर ठरते, असे आमचे मत आहे.

एक अनुभव

याबाबतीत आमचीही चूक झाली आहे, हे येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका गटाला आम्ही दर आठवड्याला पाऊण तास ग्रीक शब्दांचे अर्थ समजावून सांगत होतो. लोक आदराने ऐकत आणि हळूहळू कमी होत गेले. शेवटी एका वयस्क भगिनीने विचारले, "फादर, आम्ही कधी बोलायचे?" त्यानंतर आम्ही वहीपेन्सिल बाजूला ठेवली आणि सात पायऱ्या स्वीकारल्या.

एके दिवशी लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायाचा उतारा होता. वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करून द्यायला भावाला सांगा, अशी एक मनुष्य येशूला विनंती करतो. येशू न्यायाधीश होण्याचे नाकारतो आणि कोठारे वाढविणाऱ्या धनवानाचा दाखला देतो. गटात दोन सख्खे भाऊ बसले होते. जमिनीच्या वाटणीवरून त्यांच्यात चार वर्षे अबोला होता आणि सर्वांना ते ठाऊक होते. शांततेची ती पाच मिनिटे आम्हांलाही जड गेली. सहाव्या पायरीवर कोणीच बोलेना. अखेर धाकटा म्हणाला, "वाटणीचे राहू दे. आईच्या औषधांचा खर्च आपण दोघांनी मिळून करू या." थोरल्याने केवळ मान हलविली.

दावा त्यानंतरही कोर्टात चालूच राहिला. आईच्या औषधांचा खर्च मात्र तिच्या अखेरपर्यंत दोघांनी वाटून घेतला. दोघांच्या संमतीने, ओळख न देता आम्ही हे लिहीत आहोत. त्या दिवशी आम्ही एकाही ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला नव्हता.

काही पथ्ये

गट सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. आठ ते बारा जण पुरेसे आहेत. आठवड्यातून एकदा, एक तास, ठरलेल्या वेळी बसावे आणि ठरलेल्या वेळी उठावे. येत्या रविवारच्या मिस्सेचे शुभवर्तमान हाच उतारा घ्यावा, म्हणजे गटाची प्रार्थना वेदीशी जोडली जाते. गटात बोललेले गटातच राहावे. ज्या घरी उंबरठ्याबाहेर गोष्टी जातात, तेथे पुढच्या वेळी कोणी मन उघडत नाही. चहापाण्याची चढाओढ टाळावी, कारण गरीब घरांना यजमानपण त्यामुळे जड होते.

बायबलची प्रत पाहून घ्यावी. अनेक मराठी प्रतींत ६६ पुस्तके असतात. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. तोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेनसिरा व बारूख ही पुस्तके आपल्या उपासनेतही वाचली जातात. एखाद्या उताऱ्याचा अर्थ लागत नसेल, तर तर्क लढविण्याऐवजी प्रश्न लिहून ठेवावा आणि धर्मगुरूंना विचारावा. धर्मगुरूंनीही गटाला भेट द्यावी, पण ऐकण्यासाठी.

शेवटी एकच विनंती. आपल्या गटात सहावी पायरी कधीही गाळू नका. कृती लहान असली तरी चालेल. आजारी शेजाऱ्याची भेट, थकलेली मजुरी चुकती करणे किंवा रुसलेल्या नातलगाला एक फोन, एवढेही पुरेसे आहे. इथिओपियाचा तो अधिकारी शास्त्र समजताच वाटेतल्या पाण्यापाशी रथ थांबवून खाली उतरला व त्याने बाप्तिस्मा घेतला. आपणही प्रभुशब्द ऐकून जागचे हलावे, अशी कृपा पवित्र आत्मा आपणां सर्वांना देवो.