नागपूरच्या कापडाचा जमाखर्च : दीडशे वर्षांचा मागोवा

१ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरत असता, नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी जमशेदजी टाटा यांच्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, आणि त्या प्रसंगावरूनच तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव पडले. २०२७ च्या आरंभी या घटनेला दीडशे वर्षे पुरी होतील. एवढ्या दीर्घ काळात कापडाच्या धंद्याने नागपूरला आणि एकंदर विदर्भाला काय दिले याची मोजदाद पुष्कळांनी केली आहे. परंतु त्या धंद्याने येथील जमिनीतून, पाण्यातून आणि माणसांच्या श्रमांतून काय उचलले, आणि उचलले त्यापैकी परत किती केले, ही बाजू सहसा कोणी मांडत नाही. वस्त्रोद्योगात आज ज्याला शाश्वततेचा विचार म्हणतात, तो वस्तुतः याच दुसऱ्या बाजूचा विचार होय. पाश्चात्त्य ग्राहकांच्या आग्रहाने तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे आला, असा एक समज आहे. मागे वळून पाहिले असता मात्र असे दिसते, की नागपूरच्या परिसरात प्रत्येक पिढीने तो आपापल्या परीने केला होता, आणि प्रत्येक पिढीच्या जमाखर्चात कोणते ना कोणते कलम नोंदावयाचे राहून गेले होते.

जमशेदजींच्या काळी गिरणी काढावयाची ती मुंबईतच, असा जणू दंडक होता. तो मोडून त्यांनी नागपूर निवडले, याचे कारण कापसाचा मुलूख भोवताली पसरलेला, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि मुंबईची आगगाडी १८६७ मध्येच नागपुरास येऊन पोहोचलेली. जागा दलदलीची होती; ती भरून काढण्यात पैसा ओतणे हा वेडेपणा आहे, असे सावकारीतील शहाण्यांचे मत पडले, तरी त्यांनी तो ओतला. आगगाडीच्या नोकरीतून आलेले बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हाती कारभार सोपवून त्यांनी ही गिरणी अशा रीतीने चालविली, की लँकेशायरचे कारखानदार रिंग चात्यांच्या बाबतीत अद्याप हात आखडता घेत होते त्या काळात नागपुरात त्यांचे प्रयोग सुरू झाले. खात्यांतील हवा दमट व सुसह्य राखण्याची यंत्रे आणि आगीपासून बचावासाठी पाण्याच्या फवाऱ्यांची तजवीज झाली, १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला, आणि १८९५ पासून अपघातात जायबंदी होणाऱ्यांना भरपाई देण्याची तरतूद झाली. ज्या काळी हिंदुस्थानात कामगारांच्या भरपाईचा कायदाच नव्हता, त्या काळातील हे वर्तन होय. मजूर हा खर्चाचा आकडा नसून धंद्याचा भागीदार आहे, ही जाणीव एम्प्रेस मिलने जमाखर्चात प्रथम नोंदविली, हे निःसंशय.

तथापि त्याच हिशेबात दोन कलमे आली नाहीत. एक, घरोघरी चरख्यावर सूत काढणाऱ्या स्त्रियांचे आणि मागावर बसणाऱ्या कोष्ट्यांचे. गिरणीच्या सुताने कोष्ट्याला स्वस्त ताणा-बाणा मिळाला खरा, परंतु त्याच गिरणीच्या कापडाने त्याची बाजारपेठ आकुंचित केली, आणि सूत काढणाऱ्या हातांना तर कोणी विचारलेच नाही. दुसरे कलम शेताचे. हिंगणघाटची बणी ही देशी कापसाची जात तलम, लांब धाग्याची आणि लिव्हरपूलच्या बाजारातही नावाजलेली. परंतु तिच्यात रुईचा उतारा कमी पडे. बाजार भाव देई तो वजनाला. तलमपणाची किंमत रयतेच्या पदरात वेगळी पडत नसे. साहजिकच अधिक रुई देणाऱ्या जाड्याभरड्या जातींनी वऱ्हाड आणि मध्य प्रांतात बणीची जागा घेतली, आणि ज्या वाणाने या मुलखाची कीर्ती केली तो वाण या मुलखातूनच हटत गेला. पेरणाऱ्याला गुणाचा मोबदला मिळाला नाही, तर गुण शेतात टिकत नाही, हा धडा त्या काळीच मिळाला होता. पुढील शतकात तो आपल्याला वारंवार विसरावासा वाटला.

या विस्मरणाला पहिला मोठा विरोध झाला तो नागपूरहून अवघ्या सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरांवरील वर्धेत. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले, आणि परदेशी कापडावरील बहिष्कार व हातसूत यांना राष्ट्रीय कार्यक्रमात स्थान मिळाले. पुढे १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे दफ्तर वर्धेच्या मगनवाडीत आले, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. खादीच्या साधनांत सुधारणा घडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या मगनलाल गांधी यांचे हे स्मारक. येथे जे. सी. कुमारप्पांनी जो अर्थविचार मांडला, आणि १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात ज्याला सुसूत्र रूप दिले, त्याचा गाभा असा, की निसर्गाने चक्राकार दिलेली वस्तू वापरणारा उद्योग टिकतो आणि साठ्यातून एकदाच उपसलेली वस्तू वापरणारा उद्योग स्वतःचा पाया खणत असतो. आज वस्त्रोद्योगातील पुनर्वापराच्या आणि कर्बउत्सर्गाच्या चर्चा ऐकताना या विचाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मगन संग्रहालयाने तो ग्रंथांत मिटून ठेवला नाही. अलीकडच्या काळातही सेंद्रिय कापूस आणि वनस्पतिजन्य रंग यांची खादी तेथे निघते. परंतु खादीच्या हिशेबातही एक वजाबाकी होतीच: कोट्यवधी माणसांना पुरेल एवढे कापड, त्यांना परवडेल त्या दरात, केवळ हाताने निघणे शक्य नव्हते, आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या अंगावरील कापड गिरण्यांचे आणि पुढे यंत्रमागांचेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर जमाखर्चाच्या वहीत पाण्याचे कलम प्रथमच उघडले गेले, आणि त्यातही नागपूरचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली तिलाच १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, हे नाव मिळाले. त्याच वर्षी संसदेने जलप्रदूषणाचा कायदा केला. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा त्यापूर्वीच, १९६९ मध्ये केला होता. कापडाच्या धंद्यात पाणी खरे बिघडते ते कताई-विणाईत नव्हे, तर विरंजन, रंगाई आणि छपाईत. कापसाला रंग पक्का बसावा म्हणून मिठाचा आणि सोड्याचा वापर होतो, आणि न बसलेला रंग त्या खाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो. त्यातील रंग काढणे एक वेळ साधते, पण विरघळलेले क्षार काढणे फार खर्चाचे. तमिळनाडूतील तिरुपूरच्या रंगाईखान्यांनी नोय्यल नदीची जी दशा केली ती या क्षारांमुळे; शेवटी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकमाने तेथील रंगाईखाने बंद पडले आणि सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याची अट पाळल्यावाचून त्यांना पुन्हा सुरू होता येईना. त्यापूर्वी, १९९७ मध्ये, कर्करोगकारक द्रव्ये निर्माण करणाऱ्या शंभरावर अ‍ॅझो रंगांवर केंद्र सरकारने बंदी घातली होती. तिच्यामागे जर्मनीच्या निर्बंधाचा धाक होता, हे मान्य केले पाहिजे. परक्या गिऱ्हाइकाच्या कातडीची काळजी आपल्या नदीकाठच्या माणसाच्या आधी घेतली गेली, ही गोष्ट आजही बोचते.

यानंतर २००२ हे साल येते, आणि या मागोव्यात त्याच्याइतके विचार करावयास लावणारे दुसरे साल नाही. टाटांकडून १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली एम्प्रेस मिल त्या वर्षी कायमची बंद झाली. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला देशात मंजुरी मिळाली. म्हणजे ज्या वर्षी कापसाचे सूत करणारा नागपूरचा सर्वांत मोठा कारखाना मिटला, त्याच वर्षी कापूस पिकविण्याची रीतच बदलण्यास आरंभ झाला. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपल्याकडे हे तंत्र आले ते संकरित बियाण्यांतून: बियाणे दर वर्षी विकत घ्यावयाचे, पीक दीर्घ मुदतीचे, आणि विदर्भाची बहुतांश जमीन कोरडवाहू असल्यामुळे बोंडे भरण्याच्या ऐन वेळी मातीतील ओल संपलेली. लांबलेल्या हंगामात आणि फरदडीत गुलाबी बोंडअळीला वस्तीला जागा मिळाली; ती या तंत्राला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात तिने कापूस उद्ध्वस्त केला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. सदऱ्याच्या किमतीत या मृत्यूंची नोंद कोठे होते, हा प्रश्न त्या वर्षी विचारावयास हवा होता. तो पुरेशा निकराने विचारला गेला नाही.

उत्तराची दिशा मात्र नागपुरातच शोधली जात होती. १९७६ पासून येथे असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कमी मुदतीचे, दाट लागवडीस योग्य असे सरळ वाण पुढे आणले. त्यांचे बियाणे शेतकऱ्याला घरचे ठेवता येते, पीक अळीचा जोर वाढण्यापूर्वी हाती येते, आणि हलक्या जमिनीतील ओल त्याला पुरते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या येथील जिनिंग केंद्राने, बांधावर जाळून टाकल्या जाणाऱ्या पऱ्हाटीपासून जळणाच्या कांड्या करण्याचे तंत्र दाखविले. ही कामे गाजावाजाची नाहीत. पण शाश्वततेची खरी कामे बहुधा अशीच असतात.

याउलट, गाजावाजा झाला तो दाखल्यांचा. सेंद्रिय कापसाच्या उत्पादनात भारत जगात अग्रभागी आला, आणि विदर्भातही अनेक गटांनी त्या मार्गाने चिकाटीने वाटचाल केली. पण २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या एका आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनेच जाहीर केले, की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून खपविला गेला. प्रामाणिक शेतकऱ्याच्या कष्टाला यापेक्षा मोठा धक्का कोणता? पाण्याच्या आकड्यांचीही अशीच गत. एका सुती सदऱ्यामागे २,७०० लिटर पाणी लागते, असे जगभर सांगतात. परंतु अरल समुद्र आटवणाऱ्या कालव्यांचे पाणी आणि आर्वी-उमरेडच्या काळ्या मातीवर पडणारा पावसाळा यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. जो शेतकरी नदीचा थेंब न घेता कापूस पिकवितो, त्याच्या कोरडवाहूपणाचा धोका त्याने एकट्याने सोसावयाचा आणि आकडा मात्र सर्वांच्या सरासरीचा त्याच्या माथी मारावयाचा, असा हा प्रकार आहे. शिवाय आज अंगावर येणाऱ्या वस्त्रांत कापसाहून अधिक भरणा खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचा आहे, आणि त्याचा मोठा कारखाना नागपूरलगत बुटीबोरीतही उभा आहे. त्या धाग्याला शेत लागत नाही, पण धुण्याच्या पाण्यातून सुटणारे त्याचे सूक्ष्म तंतू नदीनाल्यांत वर्षानुवर्षे राहतात.

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धेच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्यानाची कोनशिला बसविली. सुमारे १,००० एकरांवर कताईपासून तयार कपड्यापर्यंत सर्व प्रक्रिया एकत्र आणण्याची ही योजना आहे. म्हणजे कापूस पिकतो तेथेच कापड, ही जमशेदजींची १८७७ ची दृष्टी एका विस्तृत स्वरूपात पुन्हा समोर आली आहे. मागील दीडशे वर्षांत कामगाराचे, गावाचे, पाण्याचे आणि बियाण्याचे कलम प्रत्येक वेळी वेगवेगळ्या वहीत पडले. एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यावर उभा राहिला आणि कोणाच्याही ते एकत्र नजरेस आले नाही. नव्या उद्यानात रंगाईचे खारे पाणी किती शुद्ध होऊन पुन्हा वापरात आले, याच्या आकड्याशेजारीच, त्या कापडाचा कापूस पिकविणाऱ्याला क्विंटलमागे काय मिळाले आणि त्याने किती फवारण्या केल्या, हे आकडे दर वर्षी प्रसिद्ध झाले पाहिजेत. नागपूरच्या नळांतून वाहून गेलेले सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला पुरविण्याचे काम या शहराने करून दाखविले आहे. तेव्हा असा हिशेब ठेवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. पाणी, कापूस आणि जिनिंग या तिन्ही विषयांच्या राष्ट्रीय दर्जाच्या संस्था ज्या एकाच शहरात आहेत, त्या नागपूरने हा हिशेब मागण्याचा अधिकार आपला मानावा, आणि उद्यानातील पहिला माग सुरू होण्यापूर्वीच तो मागावा.