उतारावरची तबकडी

मैदान म्हणजे सपाट जागा, ही समजूत क्रिकेट, हुतुतू आणि आट्यापाट्या या खेळांनीं लोकांच्या मनांत पक्की केलेली आहे. परंतु डोंगराचा उतार, दाट झाडी, खोल घळी आणि समुद्रावरचा वारा हींच ज्याच्या मैदानाचीं भूषणें मानलीं जातात, असाहि एक खेळ आहे. त्याचें नांव डिस्क गोल्फ. या खेळाचे शोकी अवघड मैदानाच्या ओढीनें शेंकडों मैलांचा प्रवास करतात. अवघडपणांत एवढें आकर्षण कोणतें, आणि तेथें जाणाऱ्याची परीक्षा होते ती नेमकी कशाची?

खेळाचे नियम थोडके आहेत. गोल्फमध्यें चेंडू काठीनें मारून भोंकांत घालावयाचा. येथें तबकडी हातानें फेंकून टोपलींत घालावयाची. जेथें तबकडी पडली तेथून पुढची फेंक, आणि सर्वांत कमी फेंकींत जो फेरी पुरी करील तो विजयी. १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील व्हॅम-ओ या कंपनीनें प्लॅस्टिकची उडती तबकडी बाजारांत आणली आणि फ्रिझबी या नांवानें ती घरोघर पोंचली. त्याच कंपनींत काम करणारे एड हेड्रिक यांनीं तिच्या पाठीवर बारीक कंगोरे काढून तिचें उड्डाण स्थिर केलें. या सुधारणेचें पेटंट १९६७ सालीं मिळालें. १९७५ मध्यें लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानांत त्यांनीं या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखलें. तेथें प्रथम लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली कीं चाटून गेली, यावरून वाद होत. म्हणून हेड्रिक यांनीं खांबाभोंवतीं सांखळ्या टांगून खालीं टोपली बसविली. सांखळ्यांनीं तबकडीचा वेग मोडतो, ती टोपलींत पडते आणि तिच्या खणखणाटानें वादहि मिटतो. या योजनेचें पेटंट १९७७ सालचें आहे.

अवघड मैदानांचा नमुना म्हणून डी लाव्हिआगा या मैदानाचें उदाहरण घेण्याजोगें आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, मॉन्टेरे उपसागराच्या उत्तर टोंकाशीं, सांताक्रूझ नांवाचें शहर आहे. त्याच्या पाठीशीं असलेल्या टेंकड्यांवरील सार्वजनिक उद्यानांत १९८४ पासून हें मैदान आहे. ओक आणि निलगिरीचीं झाडें, त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि दोहों बाजूंस कोसळणाऱ्या घळी, असें त्याचें स्वरूप आहे. हेड्रिक यांचें उत्तरायुष्य याच परगण्यांत गेलें. २००२ सालीं त्यांचें निधन झाल्यावर, त्यांच्याच इच्छेप्रमाणें, त्यांच्या रक्षेचा अंश मिसळून कांहीं तबकड्या ओतण्यांत आल्या.

अशा मैदानावर प्रथमच येणारा मनुष्य बहुधा दंडाच्या जोरावर विसंबून येतो. परंतु तबकडीचें उड्डाण नुसत्या जोराला वश होत नाहीं. या खेळांतली तबकडी साधारणतः २१ सेंटिमीटर व्यासाची, पावणेदोनशें ग्रॅमच्या आंतबाहेर वजनाची आणि धारदार कडेची असते. उजव्या हातानें, हात छातीपासून बाहेर झटकून ती सोडली, म्हणजे वरून पाहतां ती घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरते. फिरत्या भोंवऱ्याला एका बाजूस ढकललें असतां तो त्या बाजूस न पडतां आडवा कलतो, हें मुलांनाहि ठाऊक असतें. तबकडीचेंहि तसेंच. वेग पुष्कळ असतांना हवेचा रेटा तिचें तोंड खालीं दाबूं पाहतो, तेव्हां ती उजवीकडे कलते. वेग ओसरला कीं तोच रेटा तोंड वर उचलूं पाहतो, आणि ती डावीकडे वळत खालीं येते. म्हणून तिचा मार्ग सरळ रेषेचा नसून वळणाचा असतो. झाडांमधील वाट कोणत्या बाजूस वळते हें पाहून तबकडी निवडावी लागते, आणि तिचा शेवटचा झोंक जमिनीच्या उताराकडे आहे कीं चढाकडे, याचा विचार हात उचलण्यापूर्वींच करावा लागतो.

याहून मोठी गोष्ट टोपलीजवळ घडते. समजा, तीस फुटांवरून टोपली साधण्याचें काम एखाद्या खेळाडूला तिनांतून एकदां जमतें. सपाट जागेवर त्यानें तीन वेळां प्रयत्न केला, तर एकदां त्याचें काम एका फेंकींत होईल आणि दोन वेळां दोन-दोन फेंका लागतील, एकूण पांच. प्रयत्न न करतां प्रत्येक वेळीं तबकडी टोपलीपाशीं अलगद ठेवली, तर तीन वेळां मिळून सहा. अर्थात् सपाटीवर धाडसच फायद्याचें. आतां तीच टोपली घळीच्या कांठावर आहे अशी कल्पना करावी. नेम चुकला कीं तबकडी कडेवर उभी राहून चाकासारखी उतारावरून घरंगळत जाते. मग एक फेंक वर येण्यास आणि एक टोपलींत घालण्यास, म्हणजे चुकलेल्या प्रत्येक वेळीं तीन. तिन्ही वेळांची बेरीज सात होते. हात तोच, अंतर तेंच, टोपलीहि तीच. केवळ जमिनीच्या कलामुळें कालचें शहाणपण आज अविचार ठरतें. डी लाव्हिआगासारख्या मैदानाचा अवघडपणा मुख्यतः यांत आहे. सांखळ्या समोर दिसत असतां मनाला आवरणें पुष्कळांना लांब फेंकीपेक्षांहि कठीण जातें.

म्हणून जाणते खेळाडू पहिली फेरी आंकडे न मांडतां करतात. टोपली कोठें आहे याच्या आधीं ते हें पाहतात कीं, चूक झालीच तर ती कोणत्या बाजूस झालेली परवडेल. अरुंद वाटेंत ते लांब जाणारी तबकडी पिशवींतच ठेवतात आणि थोडें जाणारी पण सरळ जाणारी हातीं घेतात. समुद्रावरून धुकें आलें असेल तर प्रत्येक फेंकीपूर्वीं हात आणि तबकडी पुसतात, कारण ओल्या बोटांतून ती निमिषभर आधीं निसटते आणि वीस पावलांवरचें झाड गांठते. पुढें माणसें असतील तर ते थांबतात. ही कड लागली तर जखम होते, आणि उद्यान एकट्या खेळाडूंचें नसतें.

झाडींत शिरलेली तबकडी काढतांना आणखी एक सावधगिरी लागते. त्या किनाऱ्यावर पॉयझन ओक नांवाचें झुडूप सर्वत्र उगवतें. ओकशीं त्याचें नातें कांहीं नाहीं. तें महाराष्ट्रांतील बिब्ब्याच्या कुळांतलें आहे. बिब्बा उतल्यावर अंगाची जी दशा होते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या झुडपाचा गुण वेगळा सांगावयास नको. तीन-तीन पानांच्या जुडग्यांवरून तें ओळखावें. हिवाळ्यांत पानें गळलीं तरी काटक्यांतला चीक बाधतो. अंग झांकणारे कपडे घालावे आणि स्पर्श झाल्यास सत्वर साबणानें धुवावें, हाच उपाय. दाट जाळींत गेलेल्या तबकडीवर पाणी सोडण्याची तयारीहि तेथें ठेवावी लागते.

फेरीच्या अखेरीस सत्ताविसावी टोपली येते. या जागेला खेळाडूंनीं ‘जगाचा माथा’ असें नांव दिलें आहे. उंचावरून खालीं सुमारें साडेपांचशें फुटांवर टोपली आणि पलीकडे, हवा स्वच्छ असल्यास, उपसागराचें पाणी. येथें उभें राहिल्यावर सर्व बळ एकवटून तबकडी भिरकावून द्यावी अशी इच्छा न होणारा मनुष्य विरळा. परंतु उतारावर तबकडी अधिक वेळ हवेंत राहते, वेग ओसरून डावीकडे वळण्यास तिला अधिक अवकाश मिळतो, आणि वाऱ्यालाहि तिच्यावर हात चालविण्यास सवड सांपडते. सोडतांना बोटभर चुकलेला कोन खालीं पोंचेपर्यंत बऱ्याच फुटांचा होतो. सबंध फेरींत जो संयम शिकला त्याची कसोटी शेवटीं, सर्वांत सुंदर देखाव्यासमोर लागते.

सोप्या मैदानावर चुकीची शिक्षा इतकी हलकी असते कीं, ती चूक होती हेंच ध्यानांत येत नाहीं. अवघड मैदान चुकीचें माप ताबडतोब पदरांत घालतें. दुरून येणारा खेळाडू आंकड्यांत बहुधा हरतो. पण आपल्या कोणत्या फेंकीवर खरोखर विश्वास ठेवतां येतो आणि कोणत्या फेंकीवर आपण उगाच विसंबून होतों, हें त्याला कळतें. एवढें कळण्यासाठीं घळींत उतरून दोन-चार वेळां वर चढावें लागलें, तर तो सौदा महाग म्हणतां येणार नाहीं.