नळीतले रोप आणि माळावरचे ऊन

जुलै महिना लागला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, रोपाला पाणी घातले जाते, टाळ्या वाजतात. पुढच्या जुलैत पुन्हा रोपे येतात. खड्डे खणण्याचे कष्ट मात्र पडत नाहीत, कारण खड्डे गेल्या वर्षीचेच असतात! हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे आणि पुष्कळांनी अनुभवलाही आहे. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात पन्नास कोटी रोपे लावण्याचा संकल्प करून मोठी मोहीम राबवली गेली. त्या वेळीही शेवटी प्रश्न उरला तो हाच, की लावली किती यापेक्षा जगली किती?

रोप जगवण्याचा एक उपाय परदेशात गेली चाळीसहून अधिक वर्षे वापरात आहे. तो म्हणजे रोपाभोवती उभी करायची प्लास्टिकची नळी. ही नळी नेमके काय करते आणि आपल्याकडे तिचा कितपत उपयोग होईल, ते पाहू.

रोप मरते केव्हा?

कोल्हापूरच्या आसपासचे माळ आणि जोतिबा, पन्हाळा, कात्यायनी या बाजूचे डोंगरउतार डोळ्यांसमोर आणा. शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पाऊस कमी नाही, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. या वर्षचक्रात रोपाचे शत्रू पाळीपाळीने येतात.

पहिला शत्रू गवत. श्रावणात ते रोपाच्या डोक्यावरून जाते आणि मुळांजवळचे पाणीही पळवते. दिवाळीनंतर गवत वाळते. मग माळावर हिरवे असे उरते ते आपले रोपच, आणि शेळ्यांना ते बरोबर सापडते. फेब्रुवारीपासून वणव्यांची भीती सुरू होते. यातूनही जे वाचते, त्याला मार्च ते मेपर्यंतचे ऊन आणि कोरडा वारा सोसावा लागतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या सरींवर भरवसा ठेवता येत नाही.

नळीचा शोध

ब्रिटनमध्ये रोपांचे शत्रू वेगळे होते. तिथे ससे आणि हरणे कोवळे शेंडे खात. ब्रिटनच्या वनखात्यातील ग्रॅहम ट्युली यांनी १९७९ साली ओकची रोपे अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या नळ्यांत वाढवून पाहिली. रोपे खाण्यापासून वाचलीच, शिवाय बाहेरच्या रोपांपेक्षा ती कितीतरी भरभर उंच झाली. पुढे अशा नळ्यांना ‘ट्युली ट्यूब’ असेच नाव पडले. सशांसाठी साधारण ६० सेंटीमीटर, तर लहान जातीच्या हरणांसाठी १२० सेंटीमीटर उंचीची नळी वापरतात. ती काठीला बांधतात आणि खालची कड मातीत थोडी दाबतात.

रोप उंच का झाले? नळी म्हणजे रोपापुरते छोटे हरितगृहच. ऊन आत शिरते, आतली हवा तापते, पण वारा नसल्याने ती उष्णता लवकर बाहेर जात नाही. पानांतून बाहेर पडलेली वाफ नळीतच राहते. त्यामुळे आर्द्रता वाढते आणि पानांतून पाणी कमी उडते. ब्रिटनच्या थंड हवेत ही वाढीव ऊब रोपाला मानवते.

पण या सोयीची किंमतही मोजावी लागते. नळी प्रकाशाचा बराच भाग अडवते. शिवाय ती बंदिस्त असेल, तर आतला कार्बन डायऑक्साइड पाने दिवसा वापरून टाकतात आणि नवा पुरेसा येत नाही. मग प्रकाशसंश्लेषण मंदावते. फ्रान्समधील संशोधकांनी १९९०च्या दशकात हे मोजून दाखवले. त्यावर उपाय सोपा आहे. नळीला खालच्या बाजूला भोके पाडली, की धुराड्यात होते तसे घडते. गरम हवा वरून निघून जाते आणि ताजी हवा खालून आत येते.

वाऱ्याने झाड घडते

दुसरी उणीव अधिक विचार करायला लावणारी आहे. नळीतले रोप उंच होते, पण त्याचे खोड बारीक राहते. नळी काढताच काही रोपे वाकतात. असे का व्हावे?

वाऱ्याने रोप हलते, तेव्हा खोडाच्या पेशींवर ताण येतो. त्याला प्रतिसाद म्हणून रोप उंची थोडी आवरते आणि खोड जाड करते. मुळांची पकडही अशीच बळकट होते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एम. जे. जॅफी यांनी १९७३ साली या परिणामाला शास्त्रीय नाव दिले. रोपांना रोज नुसते हाताने चोळले तरी ती बुटकी आणि दणकट होतात, हे त्यांनी दाखवून दिले.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. दोन कुंड्यांत घेवडा पेरा. एका कुंडीतील रोपांची खोडे सकाळ-संध्याकाळ बोटाने खालून वर हलकेच दहा वेळा चोळा. दुसऱ्या कुंडीला हात लावू नका. पाणी आणि ऊन दोन्हींना सारखेच द्या. दोन-तीन आठवड्यांनी उंची आणि खोडाची जाडी मोजा. वारा हा रोपाचा केवळ शत्रू नाही, हे मुलांना सांगावे लागणार नाही.

आपल्या माळावर नळी चालेल का?

ब्रिटनमधली ऊब इथे जशीच्या तशी उपयोगी नाही. एप्रिलमध्ये कोल्हापुरात सावलीतच पारा ३८ अंशांच्या आसपास जातो. उन्हातल्या बंद नळीत तो त्याहून बराच वर जाणार. पाणी कमी पडले की पाने पर्णरंध्रे मिटून घेतात. पाणी उडून मिळणारा थंडावाही मग थांबतो आणि पान भाजू लागते. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली, की तिचे तोंड १२० सेंटीमीटरच्या पुढे सहज पोचते. गाईम्हशी अंग घासून काठीच पाडतात. आणि वणव्यात प्लास्टिक वितळून रोपासकट जाते.

म्हणून नळी निकामी आहे का? तसेही नाही. स्पेनच्या कोरड्या प्रदेशात सावली सोसणाऱ्या सदाहरित ओकला नळीचा फायदा झाला. उन्हाची आवड असलेल्या पाइनला मात्र तो फारसा झाला नाही. मग आपल्याकडे जांभूळ, हिरडा यांना हवेशीर नळी मानवेल आणि बाभळीला नाही, असे होईल का? हा प्रश्न प्रयोगानेच सोडवायला हवा.

प्लास्टिकचाही विचार करावा लागतो. उन्हाने नळीचे तुकडे होतात आणि ते मातीतच राहतात. २०२१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी कार्बनचा हिशेब मांडला. प्लास्टिकच्या नळ्या वापरण्यापेक्षा त्या न वापरता काही रोपे गमावणे पर्यावरणाला कमी भाराचे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र जिथे शेळ्या एकही रोप ठेवत नाहीत, तिथे संरक्षणाशिवाय भागणार नाही. तेव्हा प्रश्न संरक्षण हवे की नको हा नसून, ते कशाचे असावे हा आहे.

जवळचे उपाय

आपल्याकडची बोराटी किंवा बांबूचा पिंजरा शेळीला अडवतो, वारा आणि प्रकाश मात्र येऊ देतो. खोडाला हवे तेवढे हलायला मिळते. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने पिंजऱ्याला गोणपाट बांधले, की दुपारचे ऊनही अडते.

रोपाभोवती एक मीटर व्यासाची जागा गवतमुक्त ठेवणे तितकेच महत्त्वाचे. ब्रिटनमध्येही नळी लावून गवताकडे दुर्लक्ष केल्यास उपयोग होत नाही, हा अनुभव आहे. गवत नुसते कापू नये. ते पुन्हा फुटते आणि पाणी पीतच राहते. मुळासकट काढावे. मग आळ्यात आच्छादन करावे. शाळेच्या आवारात उसाचे पाचट उत्तम. वणव्याच्या डोंगरावर मात्र पाचट म्हणजे सरपणच! तिथे आच्छादन दगडांचे करावे आणि लागवडीभोवती जाळरेषा काढावी.

शाळेसाठी प्रयोग

पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे तळ आणि तोंडे कापून त्या एकात एक बसवा आणि दोन नळ्या तयार करा. एकीला खालच्या बाजूला भोके पाडा. दोन्ही नळ्या आणि एक बांबूचा पिंजरा मोकळ्या जागी उभे करा. प्रत्येकात प्रयोगशाळेतला तापमापक टांगा. त्याच्या फुग्यावर थेट ऊन पडू नये म्हणून पांढऱ्या कागदाची टोपी घाला. दुपारी दोन वाजता आतले आणि बाहेर सावलीतले तापमान नोंदवा. ऑक्टोबरात आठवडाभर आणि मार्चमध्ये आठवडाभर नोंदी घेतल्या, तर ऋतूचा फरक मुलांच्याच आकड्यांतून दिसेल.

जागा असेल तर याच तीन प्रकारांत एकाच जातीची दहा-दहा रोपे लावा. आणखी दहा उघडी ठेवा. चारही प्रकार आलटून पालटून लावा, म्हणजे चांगली माती एकाच गटाच्या वाट्याला येणार नाही. उंचीबरोबर खोडाची जाडीही मोजा.

आणि एक नोंद विसरू नका. लागवडीचा आकडा आपण फळ्यावर लिहितोच. त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी जिवंत रोपांचा आकडा तिथे मुलांकडून लिहवून घ्या. नव्या वर्षाची रोपे मागवण्याआधी तेवढे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले, तरी यंदा कशाकडे लक्ष द्यायचे ते कळेल.